वाटी बोलली काय?

कप हातात घेतलात, पण लगेच ओठाला लावू नका. आधी कानाला लावा. हसलात तरी चालेल, सगळेच पाहुणे हसतात. मी विचारीन, "बोलली काय?" तेव्हा सरळ "नाही" म्हणा. गमतीनंसुद्धा "हो" म्हणू नका. गेल्या उन्हाळ्यात एकानं म्हटलं होतं, मित्रांना हसवायला. त्या बाकावर आमची चुलती बसली होती, नव्वदीची, तिला धड ऐकूही येत नाही. पण हे तिला ऐकू आलं. ती उठली आणि अनवाणीच पाण्याच्या दिशेनं चालायला लागली. दोघींनी धरून आणली तेव्हा तिचे दात वाजत होते. पाहुण्यानं माफी मागितली, माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवशी या टपरीवर पुन्हा चूल पेटली नाही.

बोलली काय? नाही ना. मग प्या.

होडीची घाई करू नका. भरती चढल्याशिवाय होडी या धक्क्याला लागत नाही, अजून दीड तास तरी आहे. मी विश्राम तांडेल. कुडवळची ही होडी मी चाळीस वर्षं वल्हवली. गुडघे गेले तशी पुतण्याच्या हवाली केली आणि इथे चहा उकळायला बसलो. तुम्ही मघापासून माझ्या कमरेच्या कोयतीकडे बघताय, तेही मला दिसलं. शहाळी मागू नका. शहाळी पलीकडच्या गावात मिळतात. ही कोयती कशासाठी ते सांगतो, पण शेवटी.

आधी समोर बघा. खाडीच्या तोंडाशी तो एकटा काळा कातळ दिसतो ना, माणसापेक्षा हातभर उंच, त्याला आम्ही खुंट म्हणतो. आत्ता ओहोटी आहे म्हणून बुडापर्यंत उघडा आहे. त्याच्या कमरेला गोल खाच पडलीय. कॉलेजातले कोणी साहेब आले होते, ते म्हणाले पाण्यानं झिजली असेल. पाण्याला असं एकाच ठिकाणी गोल फिरायचं काय अडलंय? आणि आता पायाखाली बघा. शिंपल्यांत तो हिरवा तुकडा आहे, तो उचला. कोवळ्या शहाळ्याच्या सालीचा रंग. अंगावर बारीक रेघा, काताच्या रंगाच्या. दर मोठ्या भरतीला असे दोन-चार वर येतात. पोरी त्यांच्याशी खेळतात, पण खेळून झालं की इथेच टाकून जातात. घरात कोणी नेत नाही.

असं सांगतात की पूर्वी ही खाडी खोल होती आणि कुडवळला मोठी गलबतं लागत. वर करवंदीच्या जाळीत चौथरा दिसतो, तिथे कोट होता. कोटावर नाईकांचं घराणं होतं. थोरले नाईक शिमग्याच्या जेवणातून उठले ते ओठ चोळत उठले. ओठ बधिर झाले, मग हात बधिर झाले आणि दिवस मावळायच्या आत श्वास थांबला. धाकटा भाऊ आपाजी शेजारच्याच पाटावर होता. त्यानं हे सगळं बघितलं.

आमच्या खारव्यांना, म्हणजे मासे धरणाऱ्यांना मात्र काय झालं ते प्रेत बघूनच कळलं होतं, म्हणे. केंड नावाचा मासा असतो, फुगतो तो. तो कोणी खात नाही. पण सोललेल्या तुकड्यांत एखादा मिसळला गेला तर शहाण्यालाही ओळखू येत नाही. कोणाच्या तरी जाळ्यातून केंड कोटाच्या स्वयंपाकघरात गेला होता. हे सांगायला हवं होतं. पण केंड म्हटलं की पुढचा प्रश्न कोणाच्या जाळ्यातला हा येणार. म्हणून अख्खा किनारा गप्प राहिला आणि आपाजी नाईक विषप्रयोग झाला असं समजून गादीवर बसला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. इथे तर भित्याच्याच हातात तलवार होती. नाईक कोणाच्या हातचं खाईना. आधी चाखणारा चाखायचा, मग घटकाभर त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं आणि मग थंडगार जेवण गिळायचं. आठवड्यातून तीनदा आचारी बदलायचा. माणूस वाळत चालला, आणि तो जसा वाळला तशी त्याची भीती गावात उतरली. कोटावर कामाला जाणारी माणसं घरातून निघताना मुलांच्या डोक्यावरून हात फिरवून निघत.

अशात एका गलबतावरून एक दलाल भाताच्या तुसात भरलेली पेटी घेऊन आला. आत सहा वाट्या आणि चोचीचं एक भांडं होतं. चीन देशात झाडाची पानं उकळून पितात, त्यासाठीची ती भांडी. आपल्याकडे तेव्हा चहा कोणाला ठाऊक होता? दलालानं एक वाटी बोटांवर तोलली आणि कडेला नखानं टिचकी मारली. देवळातली लहान घंटा वाजावी तसा नाद निघाला आणि बराच वेळ राहिला. नाईकानं ती हातात घेतली. सकाळच्या उन्हात ती हिरवी दिसे, सावलीत धरली की निळसर राखाडी. कुठे नक्षी नाही, सोनं नाही, तरी नजर हलेना. वर्षभरात नाईक त्या दिवशी पहिल्यांदा हसला, असं सांगतात. वाटी खरोखरच सुंदर होती. पुढे जे झालं त्यात तिचा काही दोष नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो.

दलाल म्हणाला, "हिला घोरी म्हणतात. बादशहा हिच्याशिवाय घोट घेत नाहीत. विष पडलं की ही गप्प राहत नाही."

त्यानं जे ऐकलं होतं ते सांगितलं. कदाचित त्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास असेल.

त्या दिवसापासून नाईक जे पिई ते त्या वाटीतूनच. वाट्यांना कोणी काही फासू नये म्हणून रात्री त्या कोटाच्या उघड्या बुरुजावर, कोनाड्यात, चार पहारेकऱ्यांच्या डोळ्यांसमोर ठेवायच्या. वाऱ्यात, दंवात. पहाटे आणायला गेलं की वाटी हातात धरवत नसे, इतकी गार. हे लक्षात ठेवा.

त्याच गलबतावरून एक म्हातारा आजारी म्हणून उतरवला होता. चिनी होता. नाव लिन की काय होतं. आपल्या माणसांच्या जिभेला ते मानवलं नाही, त्यांनी त्याचा लिंबाजी करून टाकला. धक्क्याजवळचं पहिलं घर आवडीचं. आवडीचा नवरा आणि दीर दोघे जहाजावर गेले होते, घरात ती आणि तिची थोरली जाऊ द्वारकी. दोघी जावा कोटाच्या स्वयंपाकघरात राबत. त्यांनी म्हाताऱ्याला पडवीत जागा दिली, पेज दिली. त्याच्याकडे स्वतःची एक हिरवी वाटी होती आणि कसल्याशा पानांची पुडी. दोनचार महिन्यांत तो बंदरावरची मोडकीतोडकी बोली बोलायला लागला. द्वारकी त्याची नक्कल करायची आणि तोच सगळ्यांत आधी हसायचा.

पौष लागला. नाईकाला खोकला झाला आणि वैद्यानं सुंठीचा काढा सांगितला, तोही उकळता. नाईकानं हुकूम दिला की काढा चाखून लगेच आणायचा, वाफ निघत असताना. पहिल्या सकाळी बाबाजी आचाऱ्यानं बुरुजावरची वाटी आणून पुढे ठेवली आणि काढा ओतला.

टिक्.

एवढाच आवाज. पाल चुकचुकते त्याहून बारीक. मग पुन्हा एकदा. नाईकानं वाटी उचलून बघितली तर तिच्या पोटावर केसासारखी एक नवी रेघ उमटली होती. चाखणारा समोर धडधाकट उभा होता, त्याला काही झालेलं नव्हतं. कोणीतरी तसं म्हणालंही. नाईक म्हणाला, "उशिरा चढणारं असेल." जिवंत माणूस डोळ्यांना दिसत होता, पण वाटी बोलली होती.

बाबाजीला त्या ओहोटीला खुंटाशी बांधलं. दोर अंबाडीचा. अंबाडी भिजली की आवळते. बांधताना सैल बांधली तरी चालतं, बाकीचं काम पाणी करतं. गावाला दवंडी देऊन किनाऱ्यावर उभं केलं होतं. बाबाजी शेवटपर्यंत म्हणत होता, सुंठ होती, फक्त सुंठ होती. दुपारी त्याचा आवाज थांबला. नाईकानं तिथेच नियम सांगितला, की ज्याच्या हातून ओतलं जाईल आणि वाटी बोलेल, तो हात खुंटाला जाईल.

काढा ओतायचं काम दोघी जावांवर आलं, आठवडा-आठवडा वाटून. काय दिवस असतील ते. स्वयंपाकघरात वीस माणसं, आणि ओतायच्या वेळी एकाचाही श्वास ऐकू येत नसे. लोकांनी बोटं मोडायची सोडली. चुलीत लाकूड तडकलं तरी बायका भांडी टाकून भिंतीला लागत. घरी मुलं जिभेनं टकटक करायची, तर आया त्यांच्या तोंडावर हात दाबायच्या. अख्खं गाव एका बारीक आवाजाला भीत होतं आणि दिवसभर तोच ऐकत होतं.

पहिला आठवडा आवडीचा होता. आदल्या संध्याकाळी ती पडवीत लिंबाजीपुढे बसली आणि रडली. वाटी कशी बोलली, बाबाजीचं काय झालं, ते तिनं हातवारे करून सांगितलं. म्हाताऱ्याला आधी समजेना. समजलं तेव्हा त्यानं तोंडावर हात घेतला. मग उठून आपली वाटी रांजणातल्या पाण्यात बुडवून ठेवली, चुलीवर साधं पाणी उकळलं, आणि गार वाटी पुसून तिच्यात ते ओतलं. टिक्. आवडी किंचाळून मागे सरकली. म्हाताऱ्यानं वाटी तिच्या कानाशी धरली. टिक्, टिक्. साधं पाणी होतं.

मग त्यानं वाटी रिकामी केली, थोडं थोडं कढत पाणी फिरवून ती शेकली आणि पुन्हा उकळतं पाणी ओतलं. वाटी गप्प.

तो म्हणाला, "ती गार. पाणी कढत. म्हणून बोलते. विष नाय."

आणि मग तो आपल्या गावाचं सांगायला लागला. डोंगराच्या उतारावर लांबच लांब भट्टी असते म्हणे, खालून वर चढत गेलेली. तीन दिवस, तीन रात्री लाकडं घालायची. मग भट्टी निवू द्यायची आणि दार फोडायचं. दार फोडल्यावर कोणी आत जात नाही. सगळे बाहेर उभे राहून कान देतात. आतून आवाज यायला लागतो, टिक्, टिक्, आधी एक, मग शेकडो. गार हवा लागली की भांड्यांवर चढवलेला काचेसारखा लेप तडकतो, त्याच त्या रेघा. त्या रेघांसाठीच लोक ही भांडी लांबून नेतात. दिवसचे दिवस ती बोलत राहतात.

"भांडी जन्मली," म्हातारा म्हणाला. "सगळे हसतात. माझी आई हसते. मी हा आवाज ऐकायला परत जाणार होतो." एवढं बोलून तोच रडायला लागला.

आवडीच्या छातीवरचं ओझं उतरलं आणि लगेच दुसरं चढलं. आता तिला खरं कळलं होतं. पण सांगायचं कोणाला? नाईकाला सांगावं तर बाबाजी फुकट मेला असं सांगितल्यासारखं होणार. ते ऐकून नाईक काय करील? तुला वाटीची भाषा कशी येते, असं विचारील. परक्या म्हाताऱ्यानं शिकवली म्हटलं तर दोघंही खुंटाला. तिनं ठरवलं, आपण गप्प राहायचं. वाटी धुते म्हणून कढत पाण्यानं खंगाळायची, मगच काढा ओतायचा. आपल्यापुरतं वाचलं म्हणजे झालं. तिला दोष देऊ नका. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं, आणि हे मी उगाच म्हणत नाही.

सात सकाळी वाटी गप्प राहिली. सातव्या दिवशी दोघी विहिरीवर असताना द्वारकीनं विचारलं.

"गो आवडे, तुझ्या हातात ती बोलत नाय. कुठल्या देवाला नवस बोलल्येस? मला पन सांग गो. उद्यापासून माझी पाळी."

आवडीनं घागर उचलली. द्वारकी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी, मनानं साधी आणि तोंडानं भोळी. हिला सांगितलं तर दुपारपर्यंत अख्ख्या स्वयंपाकघराला कळेल, असं आवडीला वाटलं. ती म्हणाली, "नवस नाय काय नाय. नशीब माझा."

एवढंच म्हणाली, असं सांगतात.

द्वारकीच्या पाळीचे पहिले दोन दिवस काढा जरा निवलेला होता. तिसऱ्या दिवशी थंडी कडाक्याची पडली. दंवानं बुरूज भिजला होता. द्वारकीनं गार वाटीत उकळता काढा ओतला आणि वाटी तीनदा बोलली.

बघा, बोलता बोलता पाणी खुंटाच्या बुडाला लागलं. असंच लागलं असेल त्या दिवशीही.

द्वारकीला सकाळच्या ओहोटीला बांधली. गाव उभं केलं. नाईक कोटाच्या खालच्या अंगाला, किनाऱ्यावरच पाटावर बसला होता, सहाही वाट्या पुढ्यात घेऊन, कारण त्या सोडून तो कुठे जात नसे. शेगडी, काढ्याचं भांडं, पाण्याचा रांजण सगळं त्याच्याबरोबर असे. आवडी बायकांच्या घोळक्यात उभी होती. पाणी द्वारकीच्या घोट्यांना लागलं, आवडी गप्प. गुडघ्यांना लागलं, गप्प. तिनं तोंड उघडलं होतं पण आवाज निघत नव्हता, असं तिनंच पुढे सांगितलं. द्वारकी ओरडली नाही. ती इकडेतिकडे बघत होती, जणू कोणीतरी आत्ता येऊन चूक झाली म्हणेल. पाणी कमरेला आलं, त्या खाचेला, तेव्हा तिला घोळक्यात आवडी दिसली.

"आवडे," ती पाण्यातून हाक मारून म्हणाली, "घावनांचे तांदूळ भिजत घातलेत गो. आंबायच्या आत वाट."

तेव्हा कुठे आवडी धावली. नाईकाच्या पुढ्यात जाऊन पडली आणि म्हणाली, "विष नाय. वाटी गार आहे म्हणून बोलते. तुम्ही सवता ओतून बघा."

पहारेकरी तिला ओढायला लागले. नाईकानं हात वर केला. दुसऱ्याच्या हातावर त्याचा विश्वास कधीच नव्हता. स्वतःच्या हातावर होता. म्हणूनच तो तयार झाला. आवडीच्या सांगण्यावरून एक वाटी रांजणात बुडवली. त्याच रांजणातलं पाणी शेगडीवर त्याच्या डोळ्यांसमोर उकळलं. ना सुंठ, ना साखर, दुसऱ्या कोणाचं बोट नाही. वाटी पुसली नाईकानं. पाणी ओतलं नाईकानं.

अख्खा किनारा कान देऊन उभा होता.

टिक्.

सगळ्यांनी ऐकलं. मग आणखी दोनदा.

आता हे नीट ऐका. नाईकाला दोनच गोष्टी बोलता येत होत्या. हे विष नाही म्हणाला, तर बाबाजीला त्यानं उगाच मारला होता. हे विष आहे म्हणाला, तर त्याच्याच नियमानं त्याचाच हात खुंटाला जायला हवा होता, म्हणजे तो नियमच त्याला मोडावा लागला असता. दोन्हींपैकी कुठलाही एक शब्द बोलला असता तरी दोर सुटला असता. तो काहीच बोलला नाही. वाटीकडे बघत बसला. तिच्या अंगावर नवी रेघ हळूहळू वर चढत होती, ती तो बघत होता.

आणि बाकीचे नाईकाकडे बघत होते. चारशे माणसं असतील. खुंट किनाऱ्यापासून वीस हात. सगळ्यांना पोहता येत होतं, आमच्याकडे न पोहणारा कोण असतो? सगळ्यांना कळलं होतं की द्वारकी निर्दोष आहे. पण हुकूम आला नव्हता. पाणी तिच्या छातीला आलं, गळ्याला आलं. माणसं हुकमाची वाट बघत राहिली.

दोर बांधणारा पाण्याच्या कडेलाच उभा होता. गाठ अवघड झाली तर कापायला त्याच्या कमरेला कोयती असे. आवडी त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. तो नाईकाकडे बघत होता. तिनं त्याच्या कमरेच्या आकडीतून कोयती ओढून घेतली आणि पाण्यात उडी टाकली.

दोराचे तीन वेढे होते. वरचे दोन तिनं कापले. तिसरा खाली खोल पाण्यात होता, भिजून आवळलेला. ती बुडी मारून मारून कापत होती. सुटला तेव्हा द्वारकी तिच्या खांद्यावर आली, पण तिचा श्वास गेला होता. तिला किनाऱ्यावर आणली, पालथी घातली, पाठ चोळली. काही उपयोग झाला नाही. थोडासाच उशीर झाला होता. किती थोडा, हे आवडीला मरेपर्यंत मोजता आलं नाही.

नाईक उठून कोटात गेला. वाट्या तिथेच राहिल्या. ओहोटी लागल्यावर आवडीनं त्या एकेक उचलून खुंटावर फोडल्या, सहाच्या सहा, आणि वर ते चोचीचं भांडंही. तुमच्या हातातला तुकडा त्यांतलाच, असं आम्ही मानतो. नाईक पुढे कधी कुठल्या भांड्यातून प्याला नाही म्हणतात. विहिरीवर जाऊन ओंजळीनं पाणी प्यायचा, तेही ओंजळ कानाशी नेऊन. चैत्रात एका होडीत बसून गेला. कुठे गेला ते कोणाला माहीत नाही आणि कोणी शोधलंही नाही.

द्वारकीची राख सावडून झाल्यावर दुसऱ्या सकाळी आवडीनं लिंबाजीची वाटी घेतली. त्याच्या पानांचं पाणी उकळलं. वाटी नीट शेकली. आणि ती पहिल्या घराच्या दारात गेली. घरातल्या माणसाच्या कानाला वाटी लावून तिनं विचारलं, "बोलली काय?"

"नाय," तो भिऊन म्हणाला.

तिनं आधी स्वतः घोट घेतला. म्हणाली, "वाटी बोलत नाय. मग मी बोलतंय. मला आधीपासून ठावं होता. द्वारकीनं मला विचारलान. मी नशीब म्हटला."

मग दुसऱ्या घरी गेली. मग तिसऱ्या. दर घरी तेच, तेवढेच शब्द. काहींनी दार लावून घेतलं. एका घरी तिच्या अंगावर शेणपाणी फेकलं. ते पुसून ती पुढे गेली. सातव्या घरी एक म्हातारा खारवी होता, जाळी विणत बसलेला. त्यानं तिचं सगळं ऐकून घेतलं, वाटी तिच्या हातातून घेतली, एक घोट घेतला आणि म्हणाला, "मग मीपन बोलतंय. तो केंड माझ्या जाळ्यातला होता."

तिथून ही रीत पडली. लिंबाजी पावसाळ्याच्या तोंडावर गेला. त्याची वाटी बरेच दिवस आवडीच्या घराण्यात होती, पुढे एका वादळात घराबरोबर गेली. त्याची पानं संपल्यावर लोक तुळशीचं पाणी, गवती चहा उकळत. खरा चहा इकडे यायला कितीतरी पिढ्या लागल्या. पण तो आला तेव्हा रीत आधीच तयार होती, आणि अशा गावात चहा एवढा का मुरला हे तुम्हाला आता कळलं असेल.

आजही कुडवळमध्ये कप शेकल्याशिवाय चहा ओतत नाहीत. आजही तो आधी कानाला लावतात. पाहुण्यांना आम्ही एवढंच करायला लावतो, पुढचं त्यांच्यावर लादत नाही. पण घरात, आपसांत, पहिला घोट ओतणाऱ्यानं घ्यायचा आणि पोटात ठेवलेलं काही असेल तर तिथेच सांगायचं. त्यापायी इथली दोन लग्नं बोहल्याआधी मोडली आहेत. एका सुनेनं सासूला बावीस वर्षांनी सांगितलं की तुमची कढी खारट होते. सासू म्हणाली, मला ठाऊक आहे, तू कधी बोलतेस ते बघत होते. असलंही चालतं. पण दरवेळी हसण्यासारखं निघत नाही.

तुम्ही कप कानाला लावलात, कप बोलला नाही. मग आता मी बोलायला हवं. इतका वेळ सांगतोय म्हणून पाहुण्यांना वाटतं मी आवडीच्या वंशातला. कोणी तसं म्हटलं तर बरं वाटतं, दोनतीनदा मी खोडूनही काढलेलं नाही. मी तिच्या वंशातला नाही. तो दोर बांधणारा आमचा मूळपुरुष. बाबाजीलाही त्यानंच बांधलं होतं. आवडी पुढ्यात आली तेव्हा कोयती हातभर अंतरावर होती. त्यानं ती काढून दिली नाही. तिनं ओढली तेव्हा अडवलीही नाही. तो तसाच उभा राहिला. संध्याकाळी तिनं कोयती धुऊन आमच्या उंबऱ्यावर आणून ठेवली, आणि त्याला एका शब्दानंही काही बोलली नाही, असं आमच्या घरात सांगतात.

पाती कितीदा बदलली, मूठ कितीदा बदलली. आजही भरती खाचेपर्यंत आली की आमच्या घरातलं कोणीतरी कोयती लावून या धक्क्याच्या टोकाला उभं राहतं, आणि खुंट बुडेपर्यंत हलत नाही. उपयोग काही नाही. तिथे आता कोणी बांधलेलं नसतं. तरी उभं राहायचं.

पाणी खाचेला लागलं. उठतो मी आता. चहा संपवा, तुमची होडी येईलच.